पायातली अँजिओप्लास्टी: फुगा काय करतो, काय नाही
अंबरनाथच्या आनंदनगर एमआयडीसीत पाळी उभ्याने काढणाऱ्याच्या पोटऱ्या दुखणारच, असं आपण धरून चालतो. पण ठरावीक अंतर चाललं की पोटरीत गोळा येतो, दोन-तीन मिनिटं थांबलं की मोकळं वाटतं आणि पुन्हा चालायला लागलं की धरतं, ही खूण थकव्याची नाही. धमनी अरुंद झाल्याची आहे. फुगलेल्या निळ्या शिरांशीही तिचा संबंध नाही; व्हेरिकोज व्हेन्स वेगळ्या.

अशी अरुंद धमनी आतून रुंद करून मोकळी करणं म्हणजे अँजिओप्लास्टी. ती हृदयाचीच असते, हा सर्वांत पक्का समज. प्रत्यक्षात तिची सुरुवातच पायापासून झाली. १९६४ च्या जानेवारीत अमेरिकेतल्या पोर्टलँडमध्ये चार्ल्स डॉटर यांनी एका ८२ वर्षांच्या बाईंची मांडीतली धमनी नळीने मोकळी केली. बाई पाय कापून घ्यायला तयार नव्हत्या, पाय वाचला. आंद्रेआस ग्रुंटझिग यांनी १९७४ मध्ये फुगा वापरला तोही पायातच. हृदयाची पाळी आली १९७७ मध्ये.

फुगा आत राहत नाही. बहुधा जांघेत, जागेपुरती भूल देऊन सुई घालतात, अडथळ्यातून बारीक तार पुढे नेतात आणि तिच्यावरून फुगा. गुडघ्याखालच्या धमन्या जेमतेम दोन-तीन मिलिमीटरच्या. तिथे फुगा काही वेळ फुगवून, मिटवून बाहेर काढतात.

मग आजार गेला? नाही. याच बारीक धमन्या काही महिन्यांत पुन्हा आवळू शकतात. तोवर पायाची चिघळलेली जखम भरली, तर मुख्य काम झालेलं असतं. म्हणूनच फक्त चालताना दुखणाऱ्या पोटरीला सहसा आधी बिडी-तंबाखू बंद, रोजचं चालणं, साखर आणि रक्तदाबावर ताबा, गोळ्या. रात्री पाय खाटेखाली सोडल्याशिवाय झोप लागत नसेल किंवा जखम चिघळत असेल, तर मात्र रक्तपुरवठा सुधारण्याचा विचार लगेच व्हायला हवा.

मधुमेह्याच्या गार पायाला गरम पाण्याची पिशवी देणारी माया तर आवराच. बधिर पायाला भाजल्याचंही कळत नाही.

धमनी अरुंद झाली का, हे पाहण्याचा हिशेब सोपा: घोट्याचा रक्तदाब भागिले दंडाचा, उत्तर ०.९ च्या खाली आलं तर संशय पक्का. मधुमेहात धमन्या कडक होऊन हा आकडा फसवतो. तिथे रक्तप्रवाह दाखवणारी डॉप्लर सोनोग्राफी लागते. पायाचं बोट कापायचा सल्ला मिळाला, तर रक्तपुरवठा तपासला का, हे विचारा. खर्चाची काळजी असेल, तर महात्मा फुले जनआरोग्य योजनेच्या रुग्णालयात आरोग्यमित्राला गाठा. पाय अचानक गार, पांढरा, बधिर पडला, तर मात्र सकाळची वाट पाहू नका. हाती काही तासच असतात.