प्रदर्शन लक्षात राहते कशामुळे?

प्रदर्शन पाहून महिना उलटला की चित्रांची नावे विसरतात, पाट्यांवरचा मजकूर तर कधीच विसरलेला असतो. तिथे आपण काय केले, एवढे मात्र आठवते. गेल्या पंचवीस वर्षांतली काही गाजलेली मांडणशिल्पे याची साक्ष देतात.

लंडनच्या टेट मॉडर्नचा टर्बाइन हॉल हे पूर्वीच्या वीजकेंद्राचे दालन. तिथे २००३ साली ओलाफुर एलियासन यांनी टोकाला दिव्यांचे अर्धवर्तुळ उभारले आणि छताला आरसे लावले. आरशात अर्धवर्तुळ पूर्ण झाले आणि दालनात सूर्य उगवला. एकरंगी दिव्यांमुळे सारे जग पिवळे-काळे झाले. लोक खुशाल जमिनीवर आडवे पडून छतातल्या स्वतःच्या इवल्याशा प्रतिबिंबाला हात करू लागले.

त्याच दालनात २०१० मध्ये आय वेवे यांनी चिनी मातीच्या, हाताने रंगवलेल्या सुमारे दहा कोटी सूर्यफुलाच्या बिया अंथरल्या. सुरुवातीला त्यांवरून चालता येई. चालण्याने उडणारी धूळ अपायकारक ठरेल म्हणून काही दिवसांतच ते थांबवावे लागले. बिया त्याच राहिल्या, पण पायांखालची करकर गेली आणि निम्मी कलाकृतीही गेली.

केरळातली कोची-मुझिरिस बिएनाले ही कलाप्रदर्शनांची मालिका २०१२ साली सुरू झाली. तिची २०१६ ची आवृत्ती मुंबईचे सुदर्शन शेट्टी यांनी मांडली. फोर्ट कोचीतल्या ॲस्पिनवॉल हाउस या जुन्या व्यापारी वास्तूत चिलीचे कवी राउल सुरिता यांनी एका लांबलचक खोलीत समुद्राचे पाणी भरले. समोरच्या भिंतीवरची कविता वाचायची तर विजार वर दुमडून पाण्यातून चालत जावे लागे. कविता होती समुद्रात बुडालेल्या सीरियन निर्वासित मुलाची, ॲलन कुर्दीच्या भावाची. त्याच्यासोबत बुडालेल्या चिमुकल्या ॲलनचे छायाचित्र जगभर पोहोचले, या भावाचे मात्र नाही. कोरड्या पायांनी ती कविता इतकी भिनली नसती. शिवाय बाहेर समुद्र होताच. ती वास्तूही कामाला लागली होती.

आपल्याकडे पुण्याच्या केळकर संग्रहालयात पाणी नाही की आरसे नाहीत. दिनकर केळकरांनी जमवलेले अडकित्ते, दिवे, वज्र्या, कुलुपे आहेत. पण तिथे माणसे एकमेकांना हाताने खुणावून ‘हे आमच्या आजीकडे होतं’ म्हणतात. तेही एक प्रकारे सहभागी होणेच.

म्हणजे भव्यता आणि पैसा यांवर सगळे अवलंबून नाही. जागेचा स्वभाव ओळखणे, पाहणाऱ्याला काही करायला लावणे आणि मोजकेच मांडणे, या तीन गोष्टी पुरतात. आपल्या बहुतेक कलादालनांत बसायला धड बाकही नसतो. सुरुवात तिथूनच व्हायला हवी. वाचकांनीही पुढच्या वेळी सगळी दालने उरकण्याची घाई करू नये. एकच कलाकृती निवडावी आणि तिच्यासमोर अर्धा तास बसावे.