नडगी दुखते? आधी थांबा!

पोलीस भरतीची जाहिरात निघाली की कोल्हापुरात पहाटे पाचलाच रंकाळ्याच्या काठाने मुला-मुलींची धावाधाव सुरू होते. मैदानी चाचणीत मुलांना १६०० आणि मुलींना ८०० मीटर पळावे लागते, गुण वेळेवर ठरतात. वर्षभर पुस्तकात मान घालून बसलेला उमेदवार मग रोज डांबरी रस्त्यावर घड्याळ लावून जीव खाऊन पळू लागतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात नडगी दुखू लागते.

नेमकी तेव्हाच का? ताण वाढला की हाड स्वतःला नव्याने बांधते. पण आधी जुना भाग पोखरला जातो, नवा मागाहून भरतो. या मधल्या काळात हाड कच्चे असते. त्यावर रोजचा मारा चालूच राहिला तर केसासारखी बारीक चीर जाते.

साधे दुखणे नडगीच्या आतल्या कडेने वीतभर पसरलेले असते. मात्र एकाच ठिकाणी बोट ठेवताच कळ येत असेल, त्या पायावर उडी मारवत नसेल किंवा रात्री पडल्या पडल्याही ठणकत असेल, तर चिरेची शंका घ्यावी आणि हाडांच्या डॉक्टरांना दाखवावे. पहिले दोन-तीन आठवडे एक्स-रे स्वच्छ येऊ शकतो. ‘फोटोत काही नाही’ म्हणून दुसऱ्या दिवशी पुन्हा पळायला जाऊ नये.

आपले गाव तालमींचे. दुखले की मालिश, ही इथली जुनी रीत. पैलवानाच्या आखडलेल्या स्नायूला ती मानवते, चिरलेल्या हाडाला नाही. वेदनाशामक गोळी घेऊन पळणे तर त्याहून वाईट, कारण हाडाची तक्रारच ऐकू येत नाही.

नडगीच्या बहुतेक चिरा सहा ते आठ आठवड्यांच्या विश्रांतीने भरून येतात. तेवढ्यात चाचणीची तारीख निघून जाईल ही भीती खोटी नाही. वयाची अट जवळ आलेल्याला तर ती झोपू देत नाही. पण चीर रुंदावून हाड मोडले तर महिनोन् महिने जातात. बीड जिल्ह्यातला अविनाश साबळे २०१८ साली घोट्याच्या दुखापतीमुळे आशियाई स्पर्धेला मुकला होता. त्याच वर्षी सप्टेंबरात त्याने भुवनेश्वरला ३००० मीटर स्टीपलचेसचा ३७ वर्षांचा राष्ट्रीय विक्रम मोडला.

दुखणे थांबल्यावर आधी चालणे, मग मातीवर एक दिवसाआड हलके पळणे. घड्याळ सर्वांत शेवटी.

मुलींच्या आयांना एक वेगळे सांगणे आहे. सरावाच्या दिवसांत मुलीचे जेवण तुटले आणि पाळी लांबली किंवा बंद झाली, तर ‘व्यायामाने होते असे’ म्हणून सोडू नका. अशा मुलींची हाडे ठिसूळ होतात आणि चीर लवकर जाते. तिला डॉक्टरांकडे न्या आणि ताटातली भाकरी, दूध, डाळ वाढवा.