जंगबारला जाण्याआधी

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत आम्ही टांझानियातील झांझिबार बेटावर जाऊन आलो. आमच्या सासूबाई, म्हणजे अम्मी, अजूनही त्याला जंगबारच म्हणतात. त्यांच्या माहेरी लवंग जंगबारची यायची. तेव्हापासून शाळेतल्या सहकारी आणि नात्यातल्या बायका पहिला प्रश्न खर्चाचा विचारतात. मी त्यांना आधी लसीचे सांगते.

यलो फीवर, म्हणजे पीतज्वर असलेल्या देशांची भारताची एक यादी आहे. आपल्याकडे हा रोग नाही, तो येऊ नये म्हणून त्या यादीतल्या देशांतून परतणाऱ्याकडे लसीचे पिवळे कार्ड मागतात. नसेल तर सहा दिवसांपर्यंत वेगळे ठेवले जाते. लस फक्त सरकारमान्य केंद्रांवर मिळते, नंबर आधी लावावा लागतो, आणि घेतल्यावर 10 दिवसांनी कार्ड लागू होते. एकदा घेतली की जन्मभर चालते. म्हणून आधी डॉक्टर, मग लस, आणि मगच तिकीट.

आम्ही नेमके उलटे केले. पाच तिकिटे काढून मोकळे झालो. अम्मींचे वय 68. साठीच्या पुढे ही लस पहिल्यांदाच घेणाऱ्यांना गंभीर त्रास होण्याचा धोका जास्त असतो, हे आम्हाला ठाऊकच नव्हते. त्यांचे दुखणे आणि चालू औषधे पाहून डॉक्टरांनी नको म्हटले. सूट मिळाल्याची चिठ्ठी घेतली तरी परतताना अडवणार नाहीत याची खात्री नव्हती. अम्मी म्हणाल्या, "तुम्ही जा, मी दुआ करीन." तिकिटाचे पैसे बहुतेक बुडाले. पण त्यांनी प्रवासासाठी शिवून घेतलेला नवा बुरखा कपाटात राहिला, त्याचे जास्त वाईट वाटते.

दुसरी अडचण शाळेच्या सुट्टीची. आपली मे महिन्याची सुट्टी म्हणजे तिथला मोठा पाऊस. मार्च ते मे तो चालतो आणि काही हॉटेले बंदच असतात. जून ते ऑक्टोबर कोरडे, पण तेव्हा आपल्या शाळा भरलेल्या. उरते दिवाळी. नोव्हेंबरात तिथे लहान पाऊस सुरू होतो, पण तो दिवसभर बसून राहत नाही. आमचा एक दिवस बुडाला, बाकीचे ठीक गेले. रमजानात जाणार असाल तर दिवसा बहुतेक खानावळी बंद असतात. रोजेदारांना त्याचे काय, पण लहान मुलांची सोय आधी बघावी.

व्हिसा ऑनलाइन मिळतो, माणशी 50 डॉलर. शिवाय ऑक्टोबर 2024 पासून झांझिबारमध्ये शिरणाऱ्या परदेशी प्रवाशाला तिथल्याच सरकारी कंपनीचा विमा सक्तीचा आहे, मोठ्या माणसाला 44 डॉलर. आपला इथला विमा त्याच्या जागी चालत नाही. प्लास्टिकच्या पिशव्यांवर देशात 2019 पासून बंदी आहे, बॅग भरताना त्या काढून ठेवा.

मुलांना सिंह पाहायचे होते. सेरेंगेटी दूर, उत्तरेला आहे. बेटासोबत तेही करायचे तर तीन-चार दिवस जास्त आणि खर्च दुपटीच्या घरात. मास्तरकीच्या पगारात एकच निवडावे असे माझे मत. मुले रुसली.

बेटावरची जवळजवळ सगळी वस्ती मुसलमान, त्यामुळे हलालची चिंता गावात नाही, पर्यटकांच्या हॉटेलात मात्र विचारून घ्यावे. स्वाहिली कानावर पडली की आम्हा उर्दूवाल्यांना मौज वाटते: किताबू, दुनिया, हबारी, रफीकी, वकाती. घड्याळ मात्र फसवते. तिथे तास सूर्योदयापासून मोजतात, सकाळी सातला "एक वाजला" म्हणतात. गाडीवाल्याने वेळ सांगितली की कोणत्या हिशेबाची, ते पक्के करा.

किझिमकाझीच्या मशिदीत मिहराबजवळच्या कोरीव शिलालेखावर हिजरी 500 आहे, म्हणजे इसवी सन 1107. एवढी जुनी मशीद मुलांनी पाहावी म्हणून अर्धा दिवस राखा.

आणि स्टोन टाउनमधील गुलामांच्या बाजाराची जागा टाळू नका. तो बाजार 1873 मध्ये बंद झाला, आता तिथे चर्च आहे. आवारात खड्ड्यात साखळदंडांनी बांधलेल्या माणसांचे पुतळे आहेत. मुलाने विचारले, "अम्मी, विकणारेही मुसलमानच होते?" होते. राज्य ओमानी सुलतानांचे, व्यापारी अरब, आणि पैसा पुरवणाऱ्यांत आपले हिंदुस्थानी सावकारही. गुलाम मुक्त करणे हे सवाबचे काम, असे मी वर्गात शिकवत आले आहे. तिथे उभी राहून एवढेच म्हणाले, "हो बेटा, होते." आधी घरी त्याच्याशी बोलले असते तर बरे झाले असते.

अम्मींसाठी लवंगा आणल्या. मुंबईला उतरल्यावर पहिल्यांदा मागितली ती पिवळी कार्डे.