अडीच ग्रॅमची गोळी : एका छोट्या रिव्हॉल्वरची पहिली ओळख

देवळाली कॅम्पात राहणाऱ्या माणसाला तोफेच्या आवाजाचे नवल वाटत नाही. स्कूल ऑफ आर्टिलरीच्या फायरिंग रेंजवर सराव सुरू झाला की खिडक्यांची तावदाने थरथरतात, नवा पाहुणा दचकतो आणि घरातली माणसे चहा पीत राहतात. इंग्रजांच्या काळात मायदेशी जाणाऱ्या बोटीची वाट पाहत गोरे सैनिक इथल्या छावणीत महिनोन्‌महिने पडून असत. उन्हाने, तापाने आणि रिकामपणाने त्यांची डोकी फिरत. त्यावरून ‘डुलाली’ हा वेडसरपणाचा शब्द इंग्रजी भाषेत गेला. आपल्या गावाचे नाव इंग्रजी कोशात असे शिरले आहे.

माझी नोकरी तोफखान्यात झाली. 155 मिलिमीटर तोफेचा गोळा 43 ते 45 किलोचा असतो. निवृत्तीनंतर, रीतसर परवान्यावर, मी जे शस्त्र घेतले त्याच्या गोळीचे वजन आहे 2.6 ग्रॅम. म्हणजे तोफेचा एक गोळा अशा सोळा-सतरा हजार गोळ्यांच्या भाराचा. हे शस्त्र म्हणजे पॉइंट टू-टू, अर्थात 0.22 इंच व्यासाचे रिमफायर रिव्हॉल्वर. वजन पाव किलोच्या आसपास, लांबी वीतभरही नाही. ते हाताळताना आलेले अनुभव आणि त्यामागची कारणे इथे मांडतो आहे. कोणत्या कारखान्याचे शस्त्र आणि कोणाची काडतुसे, हे मुद्दाम लिहीत नाही, कारण पुढे सांगितलेले बहुतेक गुणदोष या जातीच्या सगळ्याच छोट्या शस्त्रांत थोड्याफार फरकाने आढळतात.

टिकली आणि काडतूस

रिमफायर म्हणजे काय, हे समजून घ्यायला दिवाळीतले टिकल्यांचे पिस्तूल पुरेसे आहे. टिकलीवर ठोका बसला की ती फुटते. काडतुसातही ठोक्याने पेटणारे असेच संवेदनशील मिश्रण असते. मोठ्या काडतुसांत ते बुडाच्या मध्यभागी एका वेगळ्या टोपीत बसवतात, त्याला सेंटरफायर म्हणतात. पॉइंट टू-टूमध्ये अशी टोपी नसते. पितळी पुंगळीच्या बुडाला बाहेर आलेली जी पोकळ कड असते, तिच्यातच हे मिश्रण भरलेले असते. घोड्याची टोची कडेवर आदळते, कड चेपते, मिश्रण पेटते आणि ते आतल्या दारूला पेटवते.

याचे तीन परिणाम होतात. ठोक्याने चेपायची म्हणून कड पातळ ठेवावी लागते, त्यामुळे फार मोठा दाब या पुंगळीला झेपत नाही आणि काडतूस लहानच राहते. दुसरे, वापरलेली पुंगळी पुन्हा भरता येत नाही. तिसरा परिणाम सर्वांत महत्त्वाचा. कडेच्या संपूर्ण वर्तुळात मिश्रण सारखे पसरले नसेल आणि नेमक्या रिकाम्या जागी ठोका बसला, तर काडतूस उडत नाही.

हे तंत्र जुने आहे. फ्रान्समध्ये फ्लोबेर याने 1845 च्या सुमारास घरातल्या घरात नेमबाजी करण्यासाठी अशी इवली काडतुसे केली. अमेरिकेत स्मिथ आणि वेसन यांनी 1857 मध्ये सात गोळ्यांचे छोटे रिमफायर रिव्हॉल्वर बाजारात आणले. सन लक्षात घेण्यासारखा आहे. त्याच वर्षी आपल्याकडे बराकपूरच्या छावणीत एन्फिल्ड बंदुकीच्या कागदी काडतुसांवरून ठिणगी पडली होती. दाताने फोडायच्या त्या काडतुसाला लावलेल्या चरबीने उत्तर हिंदुस्थान पेटला आणि समुद्रापलीकडे तोंडाला न लावता थेट चक्रात बसणारे धातूचे काडतूस विकायला निघाले होते. आज सर्रास वापरले जाणारे ‘लाँग रायफल’ हे पॉइंट टू-टू काडतूस 1887 चे.

महाराष्ट्राला हे काडतूस परके नाही. एनसीसीच्या हजारो मुलामुलींनी आयुष्यातली पहिली गोळी पॉइंट टू-टू रायफलनेच झाडली आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबतने 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळवले ते याच काडतुसावर. स्वप्नील कुसाळेने 2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये 50 मीटर थ्री पोझिशन रायफलमध्ये कांस्यपदक आणले तेही याच काडतुसावर. काडतूस तेच, पण शस्त्र बदलले की त्याचा स्वभाव किती बदलतो, ते छोटे रिव्हॉल्वर हातात आल्यावर कळते.

रेंजवरचा पहिला दिवस

नाशिक परिसरातल्या एका रेंजवर मी पहिल्या दिवशी पन्नास गोळ्या झाडल्या. अंतर सात मीटर. एवढ्या अंतरावर काय चुकणार, असे बघणाऱ्याला वाटते.

पहिला अनुभव आवाजाचा. रायफलमधून हेच काडतूस ‘टक्क’ असे वाजते. दीड इंचाच्या नळीतून ते कानठळ्या बसवते, कारण गोळी बाहेर पडते तेव्हा दारूचा बराच दाब अजून शिल्लक असतो आणि तो हवेतच मोकळा होतो. शिवाय चक्र आणि नळी यांच्यामधल्या बारीक फटीतून गरम वायू दोन्ही बाजूंना फेकला जातो. कानाला संरक्षण नसेल तर एकाच गोळीने कायमची इजा होऊ शकते. त्या फटीमुळेच आधाराच्या हाताचे बोट चक्राच्या पुढे जाऊ द्यायचे नाही, हा पहिला धडा. शस्त्र इतके आखूड आहे की बोट आपोआप तिकडेच जाते.

दुसरा अनुभव धक्क्याचा. तीन किलोच्या पॉइंट टू-टू रायफलचा धक्का खांद्याला जाणवतही नाही. पाव किलोचे रिव्हॉल्वर मात्र मुठीत उसळते. हिशेब सोपा आहे. गोळीचा संवेग एकीकडे आणि शस्त्राचा दुसरीकडे. शस्त्र जितके हलके, तितका त्याचा मागे येण्याचा वेग जास्त. ढोबळ गणिताने हा वेग रायफलच्या आठ-नऊ पट येतो. हाताला दुखापत होत नाही, पण दोनच बोटे मावतील एवढ्या मुठीत शस्त्र दर गोळीला थोडे फिरते आणि पकड पुन्हा बसवावी लागते.

तिसरा अनुभव चापाचा, आणि माझ्या मते तोच सगळ्यात मोठा. चक्रात वापरलेल्या पुंगळ्या ठेवून मी ताणकाट्याने चापाचा जोर मोजला. रिमफायरमध्ये रिकाम्या चक्रावर घोडा पाडू नये, कारण टोची चक्राच्या कडेवर आदळून दोन्ही खराब होऊ शकतात. घोडा आधी न चढवता चाप ओढायला सुमारे पाच किलो जोर लागला. म्हणजे शस्त्राच्या वजनाच्या वीसपट! जाड सळई वाकवताना नेम धरण्यासारखेच हे. हा चाप उगाच जड ठेवलेला नसतो. कड नीट चेपायची तर घोड्याचा ठोका जोरकस हवा, म्हणून स्प्रिंग कडक. खिशात असताना चुकून सुटू नये, हेही एक कारण. घोडा अंगठ्याने चढवून झाडले तर चाप हलका होतो आणि नेम सुधारतो, पण मग वेळ जातो.

चौथा अनुभव नेमाचा. मागची खाच आणि पुढची माशी यांच्यात अंतर जितके कमी, तितकी चूक मोठी. दोहोंत 70 मिलिमीटर अंतर असेल आणि माशी एक मिलिमीटर जरी बाजूला गेली, तरी सात मीटरवर गोळी दहा सेंटिमीटर सरकते. घोडा चढवून सावकाश झाडलेल्या माझ्या गोळ्या पसरलेल्या पंजात मावल्या. नुसता चाप ओढून भराभर झाडलेल्या गोळ्या जेवणाच्या ताटाएवढ्या जागेत विखुरल्या, आणि दोन ताटाबाहेर गेल्या.

पाचवा अनुभव न उडालेल्या काडतुसांचा. पन्नासात अशी दोन निघाली. पुंगळीच्या कडेवर ठोक्याची खूण स्पष्ट होती, पण गोळी जागीच. अशा वेळी रेंजवरचा नियम कडक आहे: नळी लक्ष्याकडेच ठेवून किमान तीस सेकंद थांबायचे. कधी कधी मिश्रण उशिरा पेटते. घाईने पुन्हा चाप ओढला तर चक्र फिरते, ते काडतूस नळीसमोरून सरकते आणि बाजूला असताना फुटू शकते.

शेवटी सफाई. शिशाची, वरून मेण लावलेली गोळी चक्रात काजळी आणि चिकटा सोडते. तीस गोळ्यांनंतर पुंगळ्या निघता निघेनात. घरी आल्यावर हात साबणाने धुतल्याशिवाय जेवायचे नाही, कारण बोटांवर शिसे असते.

स्वसंरक्षणाचा प्रश्न

हे सगळे मी हौसेपायी लिहून ठेवले नव्हते. माझी पुतणी शेतावरच्या घरात एकटी राहते. तिने विचारले, “काका, मीपण असं एखादं घेऊ का? पर्समध्ये मावतं म्हणतात.” तिच्या प्रश्नामागे आपल्याकडची अलीकडची एक घडामोड आहे. डिसेंबर 2012 च्या दिल्लीतल्या घटनेनंतर, जानेवारी 2014 मध्ये, कानपूरच्या सरकारी आयुध कारखान्याने ‘निर्भीक’ हे 0.32 इंचाचे, अर्ध्या किलोचे रिव्हॉल्वर महिलांसाठी म्हणून बाजारात आणले. किंमत सव्वा लाखाच्या घरात होती. पुढे बंगालमधल्या ईशापूर कारखान्याचे ‘निडर’ आले: पॉइंट टू-टू, आठ गोळ्यांचे, पाव किलोचे. ज्या बराकपूरला काडतुसावरून 1857 मध्ये पहिली ठिणगी पडली, त्याच्या जवळच हे ईशापूर आहे.

तिला मी जे सांगितले ते असे.

एक, ही गोळी खेळण्यातली नाही. मोकळ्या जागेत ती दीड किलोमीटरच्या आसपास जाऊ शकते आणि माणूस मारू शकते. पण समोरच्याला जागीच थांबवण्याची खात्री ती देत नाही. आखूड नळीतून तिचा वेग रायफलच्या मानाने बराच घटतो, आणि वेग घटला की ऊर्जा वर्गाच्या प्रमाणात घटते. 0.32 ची गोळीसुद्धा हिच्या अडीचपट वजनाची असते. दारणाकाठच्या उसात बिबट्या दिसतो म्हणून कोणी असे शस्त्र घेत असेल, तर जखमी बिबट्या आणि वन्यजीव कायद्याखालचा खटला एवढेच हाती लागेल.

दोन, शस्त्र लहान असले म्हणून ते चालवणे सोपे होत नाही, उलट अवघड होते. छोटी मूठ, जड चाप, आखूड नेम. नवख्या माणसाला शिकायला मोठे, जड शस्त्रच बरे. पर्समधून ते काढायला किती वेळ लागतो, हे घड्याळ लावून बघावे. अंगावर येणारा माणूस सात मीटर दोन सेकंदांत कापतो.

तीन, कायदा. 1959 चा शस्त्र कायदा आणि 2016 चे नियम यांनुसार या शस्त्राला परवाना लागतोच. देवळाली कॅम्पसारख्या नाशिक पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीतल्यांनी अर्ज आयुक्तांकडे करायचा. कारण पटवावे लागते, पोलीस चौकशी होते, शस्त्र हाताळण्याचे प्रशिक्षण घ्यावे लागते. निवडणुका लागल्या की शस्त्र जमा करण्याचा आदेश निघू शकतो, म्हणजे तेवढे दिवस हात रिकामाच. वरातीत वा दिवाळीत हौसेने हवेत गोळी झाडली तर 2019 च्या दुरुस्तीनुसार दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही. आणि स्वसंरक्षणाचा हक्क भारतीय न्याय संहितेत असला तरी तो गरजेपुरत्याच बळाचा आहे. गोळी झाडल्यावर ती गरज न्यायालयात दाखवावी लागते.

चार, नाशिककरांनी तरी छोट्या शस्त्राला क्षुल्लक मानू नये. 21 डिसेंबर 1909 रोजी विजयानंद नाट्यगृहात अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनवर गोळ्या झाडल्या त्या खिशात मावणाऱ्या ब्राउनिंग पिस्तुलातून. ती बनावट वेगळी आणि गोळीही मोठी होती, पण तेवढ्या शस्त्राने कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे फासावर गेले आणि सावरकरांवर पिस्तुले धाडल्याचा खटला झाला. खिशातल्या शस्त्राचे परिणाम खिशाएवढे नसतात.

मग हे शस्त्र कशासाठी?

सरावासाठी ते उत्तम आहे. काडतूस स्वस्त, धक्का सोसवणारा, आणि चूक लगेच कागदावर दाखवणारे. जड चापावर नेम न हलवता बोट सरळ मागे आणायची सवय या शस्त्राने जितकी लागते तितकी दुसऱ्याने क्वचितच लागेल. पाचव्या खेपेला माझ्या भराभर झाडलेल्या गोळ्या ताटातून वाटीत आल्या नाहीत, पण ताटाबाहेरही गेल्या नाहीत. महिन्यातून दोनदा रेंजवर जाणारा, शस्त्र कुलपात आणि काडतुसे वेगळ्या कुलपात ठेवणारा माणूस असेल, तर त्याने ते जरूर घ्यावे. एकदा विकत घेऊन कपाटात ठेवले की आपण सुरक्षित झालो, असे ज्याला वाटते त्याने घेऊ नये. न सरावलेल्या हातातले शस्त्र हिसकावून घेतले जाण्याची भीती मोठी असते, आणि घरात मुले असतील तर दुसरी भीती त्याहून मोठी.

पुतणीने अर्ज केला नाही. तिने फाटकाला उजेड केला, दाराला आडणा बसवला, शेजारच्या वस्तीवरच्या दोन घरांशी फोनची साखळी ठरवली. नेमबाजी मात्र तिला शिकायचीच होती. 0.177 इंचाच्या, 20 ज्यूलपर्यंतच्या एअर पिस्तुलाला परवाना लागत नाही, म्हणून सुरुवात तिथून केली आहे. दर रविवारी दहा मीटरवर चाळीस छर्रे. वर्षभर हे टिकले आणि तरीही तिला रिव्हॉल्वर हवे वाटले, तर अर्ज भरायला मी तिच्यासोबत जाणार आहे.