चाचांची पाच मिनिटं

कल्याणहून येणारा रस्ता शीळफाट्याला जुन्या मुंबई-पुणे महामार्गाला मिळतो. न्हावाशेवा बंदरातून भिवंडीच्या गोदामांकडे निघालेले कंटेनर इथूनच पुढे मुंब्रा बायपासला लागतात. अशाच एका थांबलेल्या कंटेनरपाशी उभ्या असलेल्या चालकाच्या मानेवर मला जांभळे गोल डाग दिसले. मारहाण झाली असावी असं वाटून विचारलं, तर तो म्हणाला, "चाचांकडे कप लावले. आता मान वळते, उजवा-डावा आरसा नीट बघता येतो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. मान आखडलेली माणसं एवढी अवजड वाहनं आपल्या शेजारून हाकत असतात, हे तोवर कधी मनात आलं नव्हतं. म्हणून मी चाचांचा पत्ता घेतला.

महामार्गालगतच्या गाळ्यांमागे त्यांची खोली आहे. बाहेर डिझेल आणि धूळ, आत मोहरीच्या तेलात तापवलेल्या लसूण-ओव्याचा वास. हा वास नंतर माझ्या शर्टालाही राहिला. चाचा श्रीवर्धनकडचे कोकणी मुसलमान, साठीकडे झुकलेले. मालिश वडिलांकडून शिकले. कप बऱ्याच उशिरा आले.

बाकावर पालथ्या झोपलेल्या टेम्पोचालकाच्या पाठीला त्यांनी तेल लावलं आणि मालिश सुरू केली. तळहाताने रगडणं थोडंच, अंगठ्याने चाचपणं जास्त. खांद्यापासून मानेपर्यंत अंगठा सरकत जायचा, मध्येच एका जागी थांबायचा. टेम्पोवाला "हां, तिथंच" म्हणायचा त्याच्या आधीच चाचांना गाठ लागलेली असायची. दहा-बारा तास स्टेअरिंगवर हात ताणून बसणाऱ्यांच्या गाठी ठरलेल्या जागी असतात, असं ते म्हणाले. मग त्यांनी प्लास्टिकचा पारदर्शक कप ठेवला आणि हातपंपाचे दोन-तीन झटके दिले. कपाच्या आत कातडी पुरीसारखी टम्म फुगली, आधी गुलाबी, मग लाल.

"पाच मिनिटं," चाचा म्हणाले. "पहिल्यांदा येणाऱ्याला पाचच. लोक म्हणतात, राहू द्या अजून, डाग काळा यायला पाहिजे. डाग काळा झाला म्हणून दुखणं गेलं असं नसतं, भाऊ. फोड मात्र येतो."

ती पाच मिनिटं ते बाकापासून हलले नाहीत. फोन वाजला तो घेतला नाही. मणक्याच्या हाडावर, तिळावर, जखमेवर, फुगलेल्या शिरेवर कप ठेवत नाहीत. वेळ झाल्यावर झडप उचलून हवा सोडली, मग कपात अगदी हलका ताण ठेवून तो तेलावरून मणक्याच्या कडेने वर-खाली सरकवला. शेवटी पुन्हा हात.

मालिशमध्ये स्नायू दाबला जातो, कपाने कातडी आणि तिच्याखालचा पातळ पडदा वर ओढला जातो. त्या जागी रक्तपुरवठा वाढतो, ऊब येते, ताण काही काळ सैल पडतो. ओढीमुळे बारीक केशवाहिन्या फुटतात आणि कातडीखाली रक्त साकळतं, तोच डाग. तो काही दिवसांत, फार तर दोनेक आठवड्यांत जातो. डाग जितका गडद तितकं 'विष' जास्त निघालं, या समजुतीला आधार नाही.

उपचार मात्र नवा नव्हे. सुश्रुतसंहितेत रक्त काढण्यासाठी शिंग, जळू आणि भोपळा ही तीन साधनं सांगितली आहेत. वातदोषाला शिंग, पित्ताला जळू, कफाला भोपळा. आपल्या गावोगाव फिरणारे वैदू तुंबड्या लावत, ती हीच परंपरा. युनानी वैद्यकात कप लावण्याच्या उपचाराला हिजामा म्हणतात. 2016च्या रिओ ऑलिंपिकमध्ये जलतरणपटू मायकेल फेल्प्सच्या खांद्यांवर असेच डाग दिसले आणि जगभर चर्चा झाली.

मी बसलो असताना एक गृहस्थ आले. मधुमेहासाठी रक्त काढून हवं होतं, गोळ्या बंद करायच्या होत्या. चाचांनी त्यांना बसवलं, पाणी दिलं आणि सरळ सांगितलं, "गोळी बंद करू नका. मी मालिशवाला आहे. कातडीला चीर देणं माझं काम नाही. ते करायचंच असेल तर युनानीची पदवी घेतलेल्या डॉक्टरकडे जा, आणि आधी तुमच्या डॉक्टरला विचारा." गृहस्थ नाराज होऊन गेले. एक गिऱ्हाईक गेलं, पण चाचांविषयीचा माझा आदर त्या क्षणी दुप्पट झाला.

संशोधनही साधारण चाचांच्याच बाजूचं आहे. मानदुखी आणि कंबरदुखीत कप लावल्याने थोड्या काळासाठी आराम पडतो, असं काही चाचण्यांत आढळलं आहे. पण चाचण्या लहान आहेत. शिवाय कप खरा लावला की नाही हे रुग्णापासून लपवणं अवघड असतं, त्यामुळे आरामातला किती वाटा कपाचा आणि किती विश्वासाचा, हे वेगळं काढणं कठीण जातं. मधुमेह, रक्तदाब, वंध्यत्व यांवर हमखास इलाज म्हणून कप विकणाऱ्यांच्या पाट्यांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

माझं मत स्पष्ट आहे. कष्टाने आखडलेल्या अंगाला जाणत्या हाताची मालिश आणि पाच मिनिटांचा कोरडा, म्हणजे चीर न देता लावलेला, कप खरोखर सुख देतो, आणि कंटेनर हाकणाऱ्यासाठी ते सुख चैन नाही, गरज आहे. मात्र जाण्यापूर्वी एवढं बघा : रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, गरोदरपण असेल, रक्त कमी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा. कप धुतलेले, निर्जंतुक केलेले आहेत का ते पाहा. चीर देणार असतील तर ब्लेड आणि कप तुमच्यासमोर नव्या पाकिटातून निघाले पाहिजेत, कारण वापरलेल्या ब्लेडने कावीळ-बी, कावीळ-सी आणि एचआयव्ही पसरू शकतात. आणि कप लावून जो माणूस दुसऱ्या कामाला निघून जातो, त्याच्याकडे पुन्हा जाऊ नका.