अजिंठ्याच्या शिपायाची कंबर

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यांतील फर्दापूर हें गांव अजिंठ्यास जाणाऱ्या बहुतेक प्रवाशांस ठाऊक असतें. तेथून लेणीं दोन कोसांच्या आंतच आहेत. पुष्कळ मंडळी पद्मपाणीचें चित्र डोळे भरून पाहतात आणि परततात. आमच्या वाचकांस विनंती अशी, कीं पुढच्या खेपेस सतराव्या लेण्यांतील सिंहलाच्या स्वारीपुढेंही क्षणभर थांबावें, आणि शिपायांच्या कमरेकडे पाहावें.

हें चित्र पांचव्या शतकांतील, वाकाटक राजा हरिषेण याच्या काळचें. सिंहल नांवाचा व्यापारी पुढें राजा होऊन राक्षसींच्या बेटावर सैन्य नेतो, अशी कथा आहे. हत्ती, घोडे, भाले, ढाली, तलवारी यांची नुसती दाटी! परंतु पायदळाच्या वेषांत लोखंडापेक्षां कापडच अधिक. आखूड वस्त्र आणि तें आवळणारा शेला. आपण ‘कंबर कसली’ म्हणतों तें अक्षरशः हेंच.

रोमन लोकांशीं दक्षिणेचा व्यापार होता. कोल्हापुरास ब्रह्मपुरी येथें मिळालेली पोसायडनची कांस्यमूर्ति त्याची साक्ष आहे. त्या रोमन शिपायाचा पट्टा मात्र चामड्याचा, धातूच्या पत्र्यांनीं मढविलेला. त्याला कट्यार लटके, आणि पहिल्या शतकांत पुढें खिळेजडित वाद्या लोंबत. पट्टा म्हणजे शिपाईपणाच! ऑगस्टस बादशहा अपराधी अधिकाऱ्यांस पट्ट्याविना, नुसत्या अंगरख्यावर, सेनापतीच्या तंबूपुढें दिवसभर उभें करी, असें त्याचा चरित्रकार स्वेटोनियस सांगतो. पट्ट्यावांचून अंगरखा सैल लोंबे, आणि फजितीस तेवढें पुरे.

रोमन पट्ट्यांचे पत्रे व बकलें जमिनींत टिकलीं, म्हणून युरोपांतील संग्रहालयांत तीं आज पाहावयास मिळतात. आपला शेला मात्र मातींत कुजून गेला. त्याचें रूप राहिलें तें मुख्यतः अशा चित्रांत आणि शिल्पांत. आणि या चित्रांवर संकटें थोडीं आलीं नाहींत. मेजर रॉबर्ट गिल यानें १८४४ पासून केलेल्या प्रतिकृतींपैकीं बहुतेक १८६६ सालीं लंडनच्या क्रिस्टल पॅलेसमध्यें जळाल्या. ग्रिफिथ्स व मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी यांनीं १८७२ पासून पुन्हां कष्ट केले. त्यांतील पुष्कळ चित्रें १८८५ च्या आगींत गेलीं. पुढें १९२० च्या सुमारास इटालियन कारागिरांनीं रक्षणासाठीं मूळ चित्रांस लाखेचें रोगण दिलें, तेंच कालांतरानें काळवंडलें.

लेण्यांत उजेड मंद असतो. डोळे सरावले, कीं प्रथम हत्ती दिसतात, मग भाले, आणि सर्वांत शेवटीं तो शेला.