बर्फाचं फूल आणि हवेतली भेसळ

शुद्ध पाण्याचा हिमकण देखणा होतो आणि दूषित पाण्याचा वेडावाकडा, असं पुष्कळांना मनापासून वाटतं. पण साप्पोरोच्या होक्काइदो विद्यापीठात उकिचिरो नाकाया यांनी १९३६ साली सशाच्या केसावर पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला आणि पुढच्या प्रयोगांतून दाखवून दिलं की, आकार मुख्यतः तापमान आणि हवेतली जादा वाफ ठरवतात. उणे २ अंश सेल्सिअसच्या आसपास षटकोनी तबकड्या होतात, उणे ५ला सुया आणि स्तंभ. उणे १५ला पुन्हा तबकड्या, आणि वाफ भरपूर असली तर नक्षीदार चांदण्या.

म्हणून वायूंच्या भेसळीला काहीच महत्त्व नाही, असंही नाही. कृत्रिम पावसासाठी सिल्व्हर आयोडाइड वापरण्याची वाट ज्यांनी दाखवली, त्या बर्नार्ड व्हॉनगट यांनी १९४८ साली थंड पेटीत ब्युटिल अल्कोहोलची किंचित वाफ सोडली. जिथे तबकड्या व्हायच्या, तिथे स्तंभ होऊ लागले! त्यामागचं कारण मला फार सुंदर वाटतं. हिमस्फटिकाला वर-खाली दोन षटकोनी पृष्ठं असतात आणि कडेला सहा. कडेची पृष्ठं वेगाने वाढली तर तबकडी होते, वरची-खालची वाढली तर स्तंभ. परके रेणू एका प्रकारच्या पृष्ठाला जास्त चिकटले की दोन्हींच्या वेगाचं गणित बदलतं. षटकोन मात्र मोडत नाही, कारण तो पाण्याच्या रेणूंच्या आतल्या मांडणीतून येतो.

मग शहरातल्या धुरामुळे हिमकण बिघडत असतील का? इथे प्रमाण बघावं लागतं. कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेत केनेथ लिब्रेख्त यांनी प्रयोगशाळेतली साधी हवा आणि अतिशुद्ध नायट्रोजन यांत स्फटिक वाढवून पाहिले. आकार जवळजवळ सारखेच आले. आकार बदलायला बाहेरून मुद्दाम वाफा मिसळाव्या लागतात.

खरा प्रभाव ज्या वायूचा आहे, त्याला कुणी भेसळ म्हणतच नाही. ती म्हणजे आपली हवा. हवेच्या गर्दीतून वाट काढत वाफेला स्फटिकापर्यंत पोचावं लागतं. पुढे आलेल्या कोपऱ्यांना ती आधी मिळते, ते आणखी पुढे सरकतात आणि फांद्या फुटतात. हवा विरळ केली की फांद्या नाहीशा होतात आणि साधा षटकोनी खडा उरतो. म्हणजे बर्फाशी कसलीही रासायनिक क्रिया न करता हवा चांदणी घडवते.

आणखी एक समजूत अशी की, हे वायू बर्फात मुरतात. बर्फाची जाळी बहुतेक परक्या रेणूंना आत घेतच नाही, त्यामुळे त्यांचं काम पृष्ठभागावरच चालतं. फ्रीजमधल्या बर्फाच्या खड्याचा मधला भाग पांढुरका दिसतो, तोही बहुधा यामुळेच. पाणी बाहेरून आत गोठत जातं, त्यात विरघळलेली हवा आत-आत ढकलली जाते आणि शेवटी मधोमध बारीक बुडबुडे होऊन अडकते.